अंबाड्यातली चिठ्ठी

दिवाळी अंक घरात आला की त्याची वाटणी आपोआप होते. कर्त्या पुरुषाने आधी वार्षिक भविष्य वाचायचे आणि आपला त्यावर मुळीच विश्वास नाही असे चारचौघांत सांगायचे. आजोबांनी शब्दकोडे धरून ठेवायचे. गृहिणीने चकलीचा घाणा आणि पाहुणे यांच्यामधून जो वेळ उरेल त्यात कथा वाचायची, तीही शेवटाकडून. घरातल्या शाळकरी पोराने रहस्यकथा पळवायची. शाळकरी पोरीसाठी काय उरते? रांगोळीचे पान! ती बिचारी रांगोळी बघितल्यासारखे करते, आणि भावाचा डोळा लागला की त्याच्या उशाखालचा अंक काढून रहस्यकथाच वाचते. त्या कथेत तिची स्वतःशी गाठ पडते ती बहुधा तिसऱ्या प्रकरणात. तेव्हा तिचे हातपाय बांधलेले असतात आणि तोंडात बोळा असतो.

हे मी मनचे सांगत नाही. श्रीरामपूरकडच्या एका नववीतल्या वाचक-भगिनीने यंदा या सदराला पत्र लिहिले आहे. पत्र चार ओळींचे आहे, पण त्यातली मागणी मोठी मुद्देसूद आहे. तिला हेरांची कादंबरी हवी. हेर मुलगीच हवी, तिच्या वयाची. एकटी नको, मैत्रिणींसकट हवी. आणि शेवटच्या प्रकरणात सोडवायला कुणाचाही भाऊ येता कामा नये. "असे मराठी पुस्तक असेल तर कळवा, नसेल तर का नाही ते कळवा," असा शेवट आहे. ही मुलगी पुढे वकील होणार यात मला शंका नाही.

पुस्तकांचे कपाट उघडून बसलो. बाबुराव अर्नाळकर आहेत. हजारावर रहस्यकथा लिहिणारा हा गृहस्थ. त्यांचा झुंजार, त्यांचा काळापहाड यांनी दोन पिढ्यांना कंदिलाच्या उजेडात जागवले. पण ते सारे मिशीवाल्यांचे जग. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आहे. फुरसुंगीचा हा बनेश सायकलवर टांग टाकून पुण्यात हिंडला, चीनच्या सरहद्दीपर्यंत जाऊन आला, आणि 'ट्टॉक्' म्हणून पुन्हा घरी जेवायला हजर! त्याच्यावर माझे निरतिशय प्रेम आहे. पण तो मुलगा आहे, त्याला काय करणार? ना. धों. ताम्हनकरांनी 'गोट्या' लिहिला तशी 'चिंगी'ही लिहिली, हे त्यांचे उपकार. चिंगी मोठी गोड पोर. मात्र हेरगिरी हे काही तिचे खाते नव्हे. तिकडे अमेरिकेत १९३० सालीच नॅन्सी ड्रू नावाची पोरगी मोटार हाकत चोरांच्या मागे लागली होती. तिच्या पहिल्या तीस पुस्तकांतली तेवीस लिहिणारी मिल्ड्रेड बेन्सन ही बाई स्वतः पत्रकार, आणि पुढे विमानही चालवायला शिकली. अलीकडे, २०१२ साली, एलिझाबेथ वाइन या लेखिकेने 'कोड नेम व्हेरिटी' लिहून दोन मैत्रिणींना दुसऱ्या महायुद्धात उतरवले. एक वैमानिक, दुसरी शत्रूच्या कैदेतली हेर. ते पुस्तक वाचणाऱ्या पोरी दोन दिवस जेवणाकडे बघत नाहीत असा अनुभव आहे.

तेव्हा कपाटातून उत्तर निघाले नाही. पण पत्र नगर जिल्ह्यातून आलेले. आता त्याचे नाव अहिल्यानगर. २०२४ साली सरकारने चौंडीच्या लेकीचे नाव जिल्ह्याला दिले. जुनी जीभ मात्र अजून 'नगर'च म्हणते, आणि या लेखातही मी तेच म्हणणार. मला वाटले, ज्या मुलीच्या उशाशी नगरचा किल्ला आहे, तिने हेरकथेसाठी मुंबई-पुण्याकडे का बघावे?

पाहा ना. १५९५ च्या अखेरीस अकबराचा मुलगा मुराद फौज घेऊन नगरवर आला. किल्ल्यात चांदबीबी होती. तिची तलवार, तिचे चिलखत, चेहऱ्यावरचा पडदा हे सारे आपण चित्रांत पाहिले आहे. पण त्या वेढ्यातला कळीचा क्षण तलवारीचा नव्हता. मोगलांनी तटाखाली सुरुंग खणले होते. कोठे खणले, हे किल्ल्यातल्यांना ठाऊक नव्हते. मोगलांच्याच छावणीतला ख्वाजा महंमदखान शिराझी नावाचा एक माणूस रात्री तटाजवळ आला आणि त्याने सुरुंगांच्या जागा सांगितल्या. किल्ल्यातल्यांनी रातोरात आतून खणून दोन सुरुंगांतली दारू काढून घेतली. तिसऱ्यावर काम चालू असतानाच तो उडाला आणि तटाला भले मोठे भगदाड पडले. मग ती प्रसिद्ध लढाई, ती हातात नंगी तलवार घेतलेली चांदबीबी, आणि पहाटेपूर्वी पुन्हा उभा राहिलेला तट. पण तिन्ही सुरुंग उडाले असते तर? एका बातमीने नगर त्या वेळी वाचले. वऱ्हाडावर पाणी सोडून तह झाला, पण गादी राहिली.

आणि चारच वर्षांनी, १६०० साली, खोट्या बातमीने तीच चांदबीबी गेली. ती शत्रूला फितूर झाली आहे अशी हूल उठली आणि तिच्याच शिबंदीतल्या लोकांनी तिला मारले. मग किल्ला पडायला कितीसा वेळ लागणार! १८०३ च्या ऑगस्टात वेलस्ली, म्हणजे पुढचा वेलिंग्टन, आला तेव्हा कोणत्या बाजूने तोफा लावाव्यात हे त्याला भिंगारच्या देशमुखाने दाखवले. त्याबद्दल चार हजार रुपये दिल्याची नोंद गॅझेटियरात आहे. वॉटर्लूचा भावी विजेता आणि भिंगारचे चार हजार! खरी बातमी, खोटी बातमी आणि विकलेली बातमी या तिन्ही एकाच तटाला लागून गेल्या आहेत. हेरकथेला आणखी काय लागते?

लागतात, गुप्त भाषा लागतात. त्यांचा तर आपल्याकडे सुकाळ. इंग्रजी पुस्तकांतल्या पोरी लिंबाच्या रसाने पत्रे लिहितात आणि दिव्यावर धरून वाचतात. चांगले आहे. पण आपल्या आज्या 'करपल्लवी' जाणत होत्या. हाताने आधी वर्ग दाखवायचा, कमळ केले की क-वर्ग, चक्र फिरवले की च-वर्ग. मग बोटे दाखवून त्या वर्गातले कितवे अक्षर ते सांगायचे. समोर सासू बसलेली असताना दोन जावा निवडण-टिपण करता करता तिच्याविषयीच बोलत असत, ही गंमत काय थोडी? महानुभावांनी तर आपले ग्रंथ शतकानुशतके 'सकळ' लिपीत बंद करून ठेवले. एका अक्षराच्या जागी दुसरे, असा तो सरळ हिशेब. पण किल्ली ठाऊक नसलेल्याला ग्रंथ म्हणजे नुसती मुंग्यांची रांग. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाड्यांनी ती उलगडून दाखवीपर्यंत बाहेरच्यांना आत प्रवेश नव्हता. मोडी आहेच, आजच्या शंभरांतल्या नव्व्याण्णव माणसांपुढे मोडीचा कागद टाका, तो सांकेतिकच आहे.

आणि या सगळ्यांवर ताण म्हणजे 'च'ची भाषा. ही कोणत्याही शाळेत शिकवत नाहीत, पण मधल्या सुट्टीत तिसरी-चौथीपासून प्रत्येक मुलीला येते. शब्दाच्या तोंडचे व्यंजन शेवटी टाकायचे आणि त्याच्या जागी च बसवायचा. किल्ला म्हणजे 'चिल्ला क', पोलीस म्हणजे 'चोलीस प'. सावकाश बोलले तर कुणालाही कळते. सुसाट बोलले तर आईलाही कळत नाही. लष्करातल्या तारायंत्रवाल्यांनी हिचा विचार का केला नाही कोण जाणे!

असो. साधने झाली, स्थळ झाले. पण वाचक-भगिनीला पाहिजे आहे ती खरी मुलगी. 'असे कधी झाले का?' हा प्रश्न तिने लिहिलेला नाही, पण तो पत्राच्या मागे उभा आहे. तिच्या घरातली वडीलधारी मंडळी तर तो नक्कीच विचारतील. काय पण खूळ! पोरी कधी हेर असतात?

असतात. आपल्याकडे झालेल्या आहेत, आणि फार जुनी गोष्टही नाही.

१९४२ च्या ९ ऑगस्टला मुंबईत सगळे मोठे पुढारी एका पहाटेत उचलले गेले. मग चळवळ उरली ती पडद्याआडच्या माणसांच्या हाती. त्यांतले एक अच्युतराव पटवर्धन, नगरचेच. वेषांतर करून सरकारला शेवटपर्यंत न सापडलेले. मुंबईत उषा मेहता या बावीस वर्षांच्या तरुणीने साथीदारांसह गुप्त रेडिओ चालवला. जागा बदलत बदलत नोव्हेंबरपर्यंत तो बोलत राहिला, आणि शेवटी पकडला गेला तो आतल्याच एका माणसाने पत्ता दिल्यामुळे. आणि तिकडे साताऱ्यात नाना पाटलांचे प्रतिसरकार उभे राहिले. त्या वेळच्या सातारा जिल्ह्यात आजची सांगलीही आली. या प्रतिसरकारची जी तुफान सेना, तिच्यात नाना पाटलांची मुलगी होती. हौसाबाई. जन्म १९२६ चा. म्हणजे या सगळ्या धामधुमीत वय सतरा-अठरा.

घरदार आणि जमीन सरकारने जप्त केलेली, वडील सदा भूमिगत, आई लहानपणीच गेलेली. अशी पोर काय करील असे आपणांस वाटते? तिने जे केले ते ऐका. १९४३ साली भवानीनगरच्या पोलीस ठाण्यातल्या बंदुका क्रांतिकारकांना हव्या होत्या. ठाण्यात पोलीस असताना त्या मिळणार कशा? तेव्हा ठाण्यापुढे एक तमाशा उभा राहिला. एक दारुडा वाटावा असा नवरा बायकोला भररस्त्यात बडवतो आहे, बाई आक्रोश करते आहे, नवरा आता मोठा धोंडा उचलून तिच्या डोक्यात घालणार! पोलीस झाले तरी माणसेच. ते धावत सोडवायला आले. तेवढ्या वेळात मागच्या मागे बंदुका गेल्या. ती बायको म्हणजे हौसाबाई, आणि नवरा म्हणजे तुफान सेनेतला एक साथी. प्रसंग खरा वाटावा म्हणून त्याने खरोखरीच जोरात मारले. पी. साईनाथ या पत्रकाराने २०१७ च्या सुमारास विट्याला त्यांची गाठ घेतली. तेव्हा नव्वदी ओलांडलेल्या हौसाबाईंच्या मनात त्या माराची तक्रार अजून ताजी होती!

मला या गोष्टीतले काय भावते सांगू? हत्यार नव्हे, पळणे नव्हे. नवऱ्याने बायकोला रस्त्यात मारणे हे आपल्या समाजात इतके रोजचे, की ते सोंग असेल अशी शंकाही पोलिसाच्या मनाला शिवली नाही. बाईच्या वाट्याला आलेली जी सगळ्यांत लाजिरवाणी गोष्ट, तिचेच या सतरा वर्षांच्या मुलीने हत्यार केले. कादंबरीकार डोके फोडून घेईल तरी त्याला असा प्रसंग सुचणार नाही.

दुसरी हकीकत गोव्याची, १९४४ ची. तिकडून हत्यारे आणताना बाळ जोशी नावाचा साथी पोर्तुगीज पोलिसांच्या हाती सापडला. त्याला तुरुंगात निरोप पोचवायचा होता. हौसाबाई त्याची बहीण होऊन भेटीला गेल्या. सुटकेचा बेत लिहिलेली चिठ्ठी होती कुठे? अंबाड्यात. झडती घेणाऱ्यांनी काय पाहिले असेल नसेल, पण बाईचा अंबाडा सोडून पाहण्याचे कुणाला सुचले नाही. परतीच्या वाटेवर आगगाडीने जाणे धोक्याचे, म्हणून रानातून पायी. मांडवी आडवी आली तर नाव नाही. मध्यरात्री एका लाकडी पेटीच्या आधाराने ती ओलांडली. आणि या सगळ्या काळात घरी त्यांचे तान्हे मूल होते.

इथे मी थांबतो, कारण इथेच हेरकथा आणि हेराचे आयुष्य यांच्या वाटा फुटतात. कथेतल्या हेराला घरी मूल नसते. त्याला थंडी वाजत नाही, अंगावर दूध उतरत नाही, मूल कुणी पाजले असेल असे मध्यरात्री पाण्यात मनात येत नाही. हौसाबाईंच्या मनात आले असेल. नसेल कसे? आपण त्यांना 'वीरांगना' म्हणून हार घालतो आणि मोकळे होतो. हार घालायला काही पडत नाही. २०२१ च्या सप्टेंबरमध्ये, पंचाण्णवाव्या वर्षी, त्या गेल्या; वर्तमानपत्रांत दोन दिवस आले. त्यांचे नाव निदान राहिले, कारण त्या नाना पाटलांच्या लेक. भाकरीच्या टोपलीत कागद घालून बांधावरून चालत गेलेल्या, पाण्याला जाता जाता वाटेवर कोण उभे आहे ते बघून येणाऱ्या, अशा किती परकऱ्या पोरी त्या मुलखात असतील! त्यांची लग्ने झाली, सासरी गेल्या, आणि पुन्हा कुणी विचारले नाही. हेराने गुपित ठेवायचे असते. ते त्यांनी इतके चोख ठेवले की नातवंडांनाही ठाऊक नाही.

योगायोग पाहा. हौसाबाईंपेक्षा थोडीशीच मोठी असलेली एक पोर त्याच सुमारास हॉलंडमध्ये, हार्लेम गावी, हेच करीत होती. तिचे नाव फ्रेडी ओव्हरस्टेगन. तिची थोरली बहीण ट्रूस, आणि पुढे दोघींची सखी हानी शाफ्ट. जर्मनांनी देश व्यापला तेव्हा फ्रेडी चौदा वर्षांची होती. दोन वेण्या घातल्या की बारा वर्षांची दिसायची. सायकलवरून चाललेल्या वेणीवाल्या पोरीला जर्मन शिपाई कशाला अडवतो! पत्रके वाटणे, माणसे लपवणे इथून सुरुवात झाली, आणि पुढे पिस्तुलापर्यंत गेली. हानी पकडली गेली आणि युद्ध संपायला तीन आठवडे उरले असताना १९४५ च्या एप्रिलमध्ये तिला गोळी घातली. दोघी बहिणी जगल्या, नव्वदीच्या घरात पोचल्या. पण फ्रेडीला म्हातारपणीही रात्रीची झोप धड नव्हती. या पोरींना चळवळीत घ्यायला जो माणूस आला त्याने आधी त्यांच्या आईला विचारले. आईने हो म्हटले. एवढेच बजावले की काही झाले तरी माणूसपण सोडू नका.

आता या पानावर डोळे फिरवणाऱ्या माता-पित्यांनी क्षणभर अंक खाली ठेवावा. तुमच्या दारात असा माणूस आला असता तर? मी उत्तर मागत नाही. संध्याकाळी सातला क्लास सुटतो म्हणून क्लास बदलणारे आपण. आणि ते चूक आहे असे तरी मी कोणत्या तोंडाने म्हणू? रस्ते आपल्याला माहीत आहेत. पण एक गोष्ट मला खटकते. हौसाबाईंचा धडा पाठ करून मुलीने दहापैकी दहा गुण आणले की आपल्याला आनंद होतो, आणि तीच मुलगी 'मी एकटी बसने जाते' म्हणाली की आपल्या पोटात गोळा येतो. हे दोन्ही एकाच घरात, एकाच दिवशी घडते. मुलगी ते बघत असते. मुली फार बघतात. हेर होण्याची पहिली पात्रता तीच.

म्हणून माझे म्हणणे असे की ही कादंबरी नववीतल्या मुलीनेच लिहावी, आणि नगरचीच लिहावी. मसाला मी देतो. फोडणी तिने द्यावी.

काळ १९४२ चा पावसाळा. पकडलेल्या पुढाऱ्यांना घेऊन मुंबईहून खास गाडी निघाली. गांधीजींना चिंचवडला उतरवून पुण्याच्या आगाखान महालात नेले. उरलेल्यांत काँग्रेस कार्यकारिणीचे बारा जण होते: नेहरू, सरदार पटेल, मौलाना आझाद, आचार्य कृपलानी, गोविंद वल्लभ पंत, नरेंद्र देव, आपले शंकरराव देव, आणि इतर. त्यांना आणून ठेवले नगरच्या किल्ल्यात. कुठे ठेवले हे जाहीर करायचे नाही असे सरकारचे ठरले. घरच्यांनाही पत्ता नाही. साऱ्या देशाला पडलेले कोडे, आणि त्याचे उत्तर भिंगारच्या वाटेवर खंदकाच्या पलीकडे!

आता तीन मैत्रिणी घ्या. एक वाण्याची मुलगी, एक पोस्टमास्तरांची, एक पोलीस शिपायाची. यांपैकी कुणालाही भिंतीवर चढावे लागणार नाही. हेरगिरी म्हणजे निम्मी हिशेबाची वही असते. किल्ल्यात रोज जाणारे दूध एकदम वाढले. भाजी वाढली, तीही लष्करी खाण्यातली नव्हे. आणि चहा! मौलाना आझाद चहाचे मोठे दर्दी. त्यांना मोगऱ्याच्या वासाचा चिनी चहा लागायचा, तोही दुधाशिवाय. तुरुंगातून लिहिलेल्या पत्रांत त्यांनी या चहावर पानेच्या पाने खर्च केली आहेत. नगरच्या पेठेत कुणी तसल्या चहाची चौकशी करीत आला, तर वाण्याच्या मुलीने वजनाचा काटा खाली ठेवून कान टवकारायला नकोत का? गोऱ्या साहेबाला दूध लागते. बिनदुधाचा, वासाचा चहा पिणारा आत कोण आला आहे? हा धागा मी तिला फुकट देतो.

पोस्टमास्तरांच्या मुलीचे काम अवघड. १९४३ च्या एप्रिलमध्ये मौलानांच्या बेगम, झुलेखा, कलकत्त्याला वारल्या. त्यांचे आजारपण वाढत असल्याचे कळत होते. भेटीला सोडण्याची विनंती सरकारकडे करायला मौलाना तयार झाले नाहीत. समजा, कादंबरीत ती तार या मुलीच्या नजरेस आधी पडते. आतल्या माणसाला अजून ठाऊक नाही, आणि बाहेर एका चौदा वर्षांच्या मुलीला ठाऊक आहे. तिने ते मैत्रिणींना सांगायचे? त्या तिघींनी 'आम्ही हेर' म्हणून इतके दिवस जी मजा चालवली होती, ती त्या दुपारी संपते. एवढे एक प्रकरण नीट साधले तर पुस्तक मोठ्या माणसांनीही वाचावे.

तिसरी, शिपायाची मुलगी, ही खरी नायिका. तिच्या घरात बातमी आपोआप येते. बाप रात्री दमून येतो, जेवता जेवता एखादा शब्द निसटतो. तो शब्द तिने बाहेर न्यायचा की नाही? बातमी फुटली तर बापाची नोकरी जाईल, नोकरीबरोबर राहती खोली जाईल, कदाचित तोच आत जाईल. आणि बाप वाईट माणूस नाही. त्याला वाईट करण्याचा मोह लेखिकेने आवरावा. बाप राक्षस असला की पोरीला निवड करावीच लागत नाही, आणि निवड नसली की कथा नुसती पळापळ होते. तुरुंगाधिकाऱ्यालाही राक्षस करू नये. मौलानांनी आपल्या तुरुंगाधिकाऱ्याचे नाव चांदबीबीच्या काळातल्या एका हबशाच्या नावावरून 'चीता खान' ठेवले होते, आणि आत सगळे त्याला तसेच म्हणत. कैद्यांना टोपणनावे सुचत होती, नेहरू वाफे खणून फुले लावत होते, १९४४ साली बसून त्यांनी पाच महिन्यांत 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहून काढले. तटाच्या आत असे काही चालले असेल हे बाहेरच्या तीन पोरींना कधीच कळणार नाही. त्यांना कळणार फक्त दूध, भाजी, चहा आणि तारा. तेवढ्यावरून त्यांनी आतले जग उभे करावे.

पुस्तक खपले तर दुसरे भागही निघतील. बोअर युद्धातले कैदी १९०१ च्या सुमारास याच किल्ल्यात आणले होते. दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभी जर्मनांची छावणी नगरला होती. तिबेटात पळून जाऊन पुढे दलाई लामांचा स्नेही झालेला हाइनरिश हारर हा गिर्यारोहक आधी नगरच्या तारांआड होता. मग मेहेराबादला येणारे-जाणारे परदेशी साधक आहेत, त्यांच्यावर उगाच संशय घेणारा एखादा फौजदार कादंबरीत शोभेल. म्हणजे मालिकेची ददात नाही.

काही पथ्ये मात्र पाळावीत. भुयार नको. महाराष्ट्रातल्या प्रत्येक किल्ल्यातून एक भुयार निघते आणि ते दुसऱ्या कुठल्या तरी देवळात उघडते, असे प्रत्येक गावचा वाटाड्या सांगतो. नगरलाही किल्ल्यातून शहा डोंगरावरच्या चांदबीबी महालापर्यंत एक सांगतात. तो महाल चांदबीबीचा नव्हेच, सलाबतखानाची कबर आहे ती. कुत्रा नको, इंग्रजी पोरांच्या पुस्तकांत कुत्रे फार झाले. कुणाचा भाऊ तर नकोच, ती अट मूळ पत्रातलीच आहे. आणि तिघींना परवलीचा शब्द लागेल, तो पराक्रमी नसावा. 'वंदे मातरम्' म्हटले की १९४२ साली पहिला शिपाई मानगूट धरील. 'चंकरपाळी श' ठेवावा. दिवाळीच्या दिवसांत तीन पोरी एकमेकींच्या दारात उभ्या राहून तेवढेच बोलल्या, तर कुणीही त्यांच्या हातावर दोन ठेवील आणि आत निघून जाईल.